ठाव लागला म्हणाले तेव्हा

आबा,

एप्रिलात मी नदीत उतरणार आहे. धुणं धुवायला नाही आणि म्हशी धुवायला तर नाहीच. मांडीपर्यंत, पुढं कदाचित कमरेपर्यंत, हातात गळाची काठी घेऊन वाहत्या पाण्यात उभं राहायला. तुम्ही आज असता आणि हे कुणी तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही आधी हसला असता आणि मग एकदम गप्प झाला असता. का गप्प झाला असता ते तुम्हाला आणि मला दोघांनाच ठाऊक आहे, आणि त्यातले तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. नदी इथली नाही. कुलूच्या बाजूला, बर्फाच्या डोंगरातनं येणारी आहे. तिकडं जायची दोन तिकिटं आमच्या बाईंच्या कपाटात आहेत. मासे धरायचा परवाना पोस्टानं आला, त्यावर माझं नाव टाइप केलेलं आहे, आणि तो कागद बाईंनी मोठ्या कौतुकानं माझ्या हातात दिला तेव्हापासून एक भीती माझ्याबरोबर आहे. भाकरी थापताना असते, पोरीची वेणी घालताना असते. हंड्यात तांब्या बुडवताना हात क्षणभर थांबतो, इतपत वेडेपणा चाललाय.

तुम्हाला काहीच माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. मुळशी तलावाकाठच्या माल्याची मी, लग्न होऊन कोळवणच्या खोऱ्यात आले. इथं पुण्याच्या लोकांनी जमिनी घेऊन बंगले बांधलेत, शनिवारी जीपगाड्या येतात, रविवारी संध्याकाळी जातात. त्यातल्या एक बाई मात्र येऊन राहिल्याच. त्यांचे यजमान लष्करात होते, ते गेल्यावर पुण्याचं घर मुलाला देऊन त्या इथं आल्या आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एक काम सुरू केलं. ते काम म्हणजे माश्या बांधायच्या. खऱ्या नाहीत. बारीक गळावर कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळायचं, मोरपिसाचा एखादा तंतू, रेशमी दोरा, टोकाला व्हार्निशचा थेंब, की झाली माशी. विलायतेतले लोक ही माशी दोरीला लावून नदीवर टाकतात आणि ट्राउट नावाचा मासा खरी माशी समजून तिला धरतो. आम्ही सहाजणी आहोत. पौडची भाभी आमच्यात सगळ्यांत थोरली, तिच्या सासऱ्यांचं पौडला रिळं-बटणांचं दुकान आहे आणि आमचा दोरा तिथूनच येतो. पहिल्या दिवशी भाभी म्हणाली, "लोक नुसत्या माश्या मारत बसत्यात, आपुन बांधत बसू. तेवढंच वेगळं." अजून कुणी कोळवणात विचारलं, की सून कुठं कामाला जाते, तर आमच्या सासूबाई सांगायला लाजतात.

मला ते काम पहिल्याच दिवशी जमलं, ते तुमच्यामुळं. गळाच्या मागं तंगुसाचा दोरा कसा गुंडाळायचा, फास ओढताना थुंकी का लावायची, हे तुम्ही मला ओसरीवर बसून शिकवलं होतं, मी आठ वर्षांची असताना. बाई माझ्या बोटांकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे कुठं शिकलीस?" मी म्हटलं, वडलांकडं. "मग तू मासेही धरले असशील?" आणि तेव्हा मी त्यांना खडसाची गोष्ट सांगितली. अकरा वर्षांची असताना मुळशीच्या तलावात माझ्या गळाला हातभर खडस लागला होता, मोठ्या खवल्यांचा, आणि त्याच्यापायी आमचे आबा पाण्यात पडले, ती गोष्ट. ती गोष्ट मी कधी रचली नाही, आबा. ती तुम्ही रचलेली. तुम्हीच ती पारावर, लग्नांच्या पंगतीत, एस्टीची वाट बघताना इतक्यांदा सांगितलीत, की मला ती तोंडपाठ झाली होती. मी नुसती पुढं वाढली.

गेल्या दिवाळीनंतर विलायतेच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं. बाईंनी ते वाचून बाजूला ठेवलं आणि दिवसभरात एकही माशी तपासली नाही, तेव्हाच आम्हाला कळलं की कुठंतरी माशी शिंकली. भाभीनं शेवटी विचारलं. बाई म्हणाल्या, तो लिहितो, की तुमच्या माश्या सुबक आहेत, पण पाण्यावर बसत नाहीत. पडल्या की कुशीवर कलंडतात. बांधणाऱ्यांनी वाहतं पाणी आणि तो मासा कधी पाहिलेला नसावा. असंच राहिलं तर पुढच्या हंगामाचा माल तो दुसरीकडून घेईल. मग बाईंनी मान वर करून सरळ माझ्याकडं पाहिलं. "त्याचं खरं आहे. मी पाहिलंय, पण मी बांधत नाही. बांधणाऱ्यांपैकी कुणीतरी पाहायला हवं. तू चल. तुझ्या हाताला मासा माहीत आहे." बाकीच्या पाचजणींनी सुटकेचा श्वास सोडला. मी हो म्हणाले. नाही कसं म्हणणार होते? हातभर खडस लागलेली मी.

तेव्हापासून तयारी चालली आहे. सकाळी कामाआधी आम्ही कापणी झालेल्या खाचरात उभ्या राहतो आणि मी काठी मागं-पुढं झुलवून दोरी लांब टाकायचं शिकते. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा लाल तुकडा, आणि पंधरा पावलांवर भाताची चाळण ठेवलेली, तिच्यात तो तुकडा पडायला हवा. येणारे-जाणारे म्हातारे बांधावर थांबतात. एकजण म्हणाला, "काय गं पोरी, हवंतनं मासं धरतीस व्हय?" आमच्या मालकांनी तर बैलगाडी थांबवून पाहिलं आणि घरी आल्यावर चाबूक मागं-पुढं करून माझी नक्कल केली. त्यांनी जायला अडवलं नाही, त्याचं मला नवल वाटतं. थोडं वाईटही वाटतं. अडवलं असतं तर बरं झालं असतं. खाचरात मी चांगली आहे, आबा. चाळणीत दहातले सात तुकडे पाडते. खाचर कोरडं आहे, पायाखाली धसकटं टोचतात, आणि जमीन कुठं आहे याची शंका येत नाही.

शेडमध्ये बाई त्या नदीबद्दल बोलायला लागल्या, की बाकीच्या तल्लीन होऊन ऐकतात आणि माझं मोरपीस हातात तसंच राहतं. बाई सांगतात, तिथलं पाणी काचेसारखं आहे, तळाचे गोटे मोजून घ्यावेत इतकं, आणि म्हणूनच फसवं. गुडघाभर वाटतं आणि कमरेला येतं. गोटे शेवाळलेले, पाय टेकवला की गोटा फिरतो. त्यासाठी छातीपर्यंतचे रबरी बूट असतात. त्यांच्याकडं दोन जोड आहेत, एक त्यांचा आणि एक त्यांच्या यजमानांचा. यजमानांचा मला. मी दोन-दोन मोजे घातले तरी त्यात पाय फिरतो. भाभीनं मला त्यात उभी केली, साडी आत कोंबली आणि म्हणाली, "आता हिला पोत्यासारखी शिवून टाका." सगळ्या हसल्या. त्याच दिवशी बाई सहज बोलून गेल्या, की त्या पाण्यात दहा मिनिटांनी पाय बधिर होतात, गुडघ्याखाली काही आहे की नाही ते समजत नाही. सवय झाली की त्याचं काही वाटत नाही, म्हणाल्या. मी त्या बुटात उभी होते आणि मला घाम फुटला. पायाला तळ लागलाय की नाही हे पायालाच समजणार नसेल, तर मी काय सांगणार?

आता मला ते लिहायलाच हवं.

दुष्काळाच्या सालातला उन्हाळा. तलाव असा आत गेलाय की म्हातारी माणसं काठावर येऊन बसताहेत, आपापली रानं ओळखताहेत. धरण बांधलं आणि आज्याचं रान त्या पाण्याखाली गेलं तेव्हा तुम्ही पाळण्यात होता. ते रान तुम्ही डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण तुम्हाला त्यातला बांध अन् बांध माहीत होता, कारण आजा तो सांगत सांगतच मेला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तुम्ही त्या सांगण्यावर पाण्यात चालायचात. इथून वीस पावलं बांध, मग डावीकडं वळण, मग आंब्यापर्यंत सरळ. बाकीचे लोक काठावरून गळ टाकायचे. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात जाऊन जुन्या नदीच्या डोहाकडं टाकायचात, आणि काठावरचे बघत राहायचे. त्या दिवशी तुम्ही मला बरोबर नेलं. आंब्याचं खोड त्या साली पाण्याच्या वर वीतभर दिसत होतं. "तू हलकी हायेस," तुम्ही म्हणालात, "तू म्होरं चाल. पाय टेकला की वरड, मंग मी यीन." बैलाचा कासरा माझ्या कमरेला बांधलात, दुसरं टोक तुमच्या हातात. गळाला गांडूळ लावून तंगूस माझ्या मनगटाला दोन वेढे दिलेत. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही म्हणालात, "घाबरतीस कशाला? आपल्याच रानात हुबी हायेस."

मी चालते आहे. पाणी मांडीला, मग पोटाला, मग छातीला. पायाखाली बांध आहे, मऊ, गाळानं भरलेला. प्रत्येक पावलाला मी ओरडते, लागला, आणि मागं तुमचं पाऊल पाण्यात पडल्याचा आवाज येतो. खोड हाताच्या अंतरावर येतं. मी पाय पुढं टाकते आणि तिथं काही नाही. गार पाणी तेवढं. मी उडी घेतल्यासारखी खोडाला मिठी मारली आणि दोन्ही पाय वर ओढून घेतले, माकडानं झाडाला धरावं तशी. खाली बघवेना. खाली पाय सोडायचा आणि चाचपायचं, एवढंच काम होतं माझं. कासरा तुमच्या हातात होता, मी बुडणार नव्हते. तुम्ही मागनं विचारलंत, "ठाव लागला का गं?" आणि मी पाय न सोडता म्हणाले, "लागला."

तुम्ही आलात. चाचपत नाही, काठी टेकवत नाही, घरातल्या जमिनीवर चालावं तसे आलात. आणि गेलात. डोक्यावरची टोपी पाण्यावर राहिली, ती मला आजही दिसते. मग कासऱ्याला असा हिसका बसला की माझी मिठी सुटली आणि माझ्याही तोंडात पाणी गेलं. खोडाच्या मुळ्यांभोवतीची माती वाहून गेली होती आणि तिथं दोन पुरुष खोल खड्डा होता, हे नंतर कळलं. आज्याच्या वेळी तो नव्हता. तुम्ही मुळ्या धरून वर आलात, मला काखोटीला मारलंत आणि बांध शोधत काठावर आणलंत. तुमच्या नडगीची सालपटं लोंबत होती. काठावर म्हशी चारायला आलेले चुलते धावत आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हात उगारून ते माझ्या अंगावर आले, "ठाव न्हाई तितं लागला म्हनलीस? बापाला मारती व्हतीस की!" आणि माझ्या तोंडून निघालं, "मासा. मासा लागला म्हनले मी."

तंगूस अजून माझ्या मनगटाला होता. तुम्ही खोकत खोकत तो ओढून घेतलात. गळ वर आला. गांडूळ जसंच्या तसं होतं, नुसतं पाण्यानं पांढरं पडलेलं. तुम्ही त्याच्याकडं पाहिलंत. मग माझ्याकडं पाहिलंत. मग नखानं ते गांडूळ खुडून पाण्यात टाकलंत आणि चुलत्यांकडं वळून म्हणालात, "खडस व्हता. हातभर. निसाटला." चुलत्यांचा हात खाली आला.

तुमचा पाय तीन महिने बरा होत नव्हता. लंगडत तुम्ही ती गोष्ट सांगत फिरलात, आणि दर वेळी मासा थोडा मोठा होत गेला. आईला अजून ती खरी वाटते. मला कुणी रागावलं नाही, उलट कौतुक झालं. पण तुम्ही मला पुन्हा कधी पाण्यावर नेलं नाहीत. एकदाही नाही. तुम्ही गळ घेऊन निघालात की मी दारात उभी राहायची, की आज म्हणतील चल, आणि तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारून निघून जायचात. मी रागाची वाट बघत होते. राग आला असता, दोन थोबाडीत बसल्या असत्या, तर ते संपलं असतं. दोन वर्षांनी तुम्ही काविळीनं गेलात. नडगीच्या जखमेचा आणि काविळीचा काही संबंध नसतो. पौडच्या डॉक्टरांना मी मोठी झाल्यावर हे विचारलं. परत एकदा विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा नाही म्हणून सांगितलं.

म्हणजे भीती कसली, तर मला वाटायचं पाण्याची. विहिरीवर मी काठापासून लांब उभी राहून पोहरा ओढते, सगळ्यांना माहीत आहे, सगळे चिडवतात. पण बाईंनी बेत सांगितला आणि माझं मला उमगलं. बाईंचा उजवा गुडघा वाकत नाही. तिथं त्या माझ्यामागून येणार. त्या सांगतात, "तू तरुण आहेस, तू पुढं हो, पाय टेकला की मला सांग, मी तुझ्या पावलावर पाऊल टाकत येईन." त्रेसष्ट वर्षांची बाई, बर्फाचं पाणी, फिरणारे गोटे, आणि पुढं मी. मी बुडायला भीत नाही, आबा, खरंच नाही. त्या विचारतील आणि माझ्या तोंडून तो शब्द निघेल, याला मी भिते. एकदा निघालाय. तेव्हा विचार करून निघाला नव्हता. भ्यालेल्या माणसाच्या तोंडून जे सोपं असतं तेच निघतं, आणि मी अजून तीच आहे.

गेल्या रविवारी रंगीत तालीम होती. इथल्याच नदीवर, जिथं मार्चातही डोहासारखी एक कोंड भरलेली राहते. बूट घातले, पाण्याच्या कडेला आलो आणि बाई म्हणाल्या, हो पुढं. मी खडकावर बसले. बसले ती उठेना. बाईंनी विचारलं, काय झालं, आणि मी सगळं सांगितलं. खोड, कासरा, चुलते, गांडूळ. बाई आधी हसल्या. "म्हणजे तू आयुष्यात एकही मासा धरलेला नाहीस?" मी म्हटलं, "बाजारातनं आणलेला सोडून न्हाई." मग मी पुढचं सांगितलं, की मासा नव्हता तर 'लागला' मी कशाला म्हणाले होते, आणि त्यांचं हसू थांबलं. मला वाटलं, आता म्हणतील, तिकीट भाभीच्या नावावर करू. माझ्या मनात कुठंतरी तसंच व्हावं असंही होतं.

त्या म्हणाल्या, "सोपं आहे मग. मी पुढं जाते. मी सांगेन तेव्हा तू पाऊल टाक." आणि ताठ गुडघ्यानं, काठी टेकत, उतरल्यासुद्धा. पाणी त्यांच्या मांडीला आलं. तिथं थांबून, दोन्ही पाय नीट रोवून, त्यांनी मागं वळून पाहिलं. "लागला," म्हणाल्या. "खडक आहे, सपाट. ये."

मी उभी राहिले. ही बाई सहा वर्षांत माझ्याशी एका पिसाबद्दलसुद्धा खोटं बोललेली नाही. माझी बांधणी वाईट असली की तोंडावर वाईट म्हणते. ती समोर उभी आहे, तिच्या पायाखाली खडक आहे हे मला दिसतंय, चार पावलांचं अंतर आहे, आणि माझा पाय उचलत नाही. मी मनाला लाख सांगितलं. पाय उचलत नाही. त्या वाट बघताहेत, पाणी त्यांच्या बुटांना वळसा घालून जातंय, आणि मी कडेला उभी.

आणि आबा, तेव्हा मला तुम्ही दिसलात. बुडताना नाही, येताना. चौदा-सोळा वर्षं मी त्या दिवसातलं माझंच पाहत आले, मी काय म्हणाले, मी काय केलं. तुम्ही काय केलंत ते मी कधी पाहिलंच नव्हतं. तुम्ही अकरा वर्षांच्या पोरीच्या एका शब्दावर पाय टाकलात. भ्यालेल्या, रडकुंडीला आलेल्या पोरीच्या. चाचपून बघितलं नाहीत. मी सत्तावीस वर्षांची आहे आणि मला ते एका शहाण्या, खऱ्या बाईच्या शब्दावर जमत नाही. तुम्ही तेव्हा मला जे दिलं होतंत ते केवढं होतं, ते मला त्या कोंडीच्या काठावर कळलं, आणि मला रडू आलं. भीती मात्र कमी झाली नाही. उलट वाढली. कुणी आपल्यावर एवढं टाकून चालू शकतं, हे कळल्यावर माणसानं न भिऊन कसं चालेल?

बाई बऱ्याच वेळानं परत फिरल्या. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी सगळं खरं सांगून अजून अर्धा तास झाला नव्हता. तरी मी म्हणाले, "बुटात खडा गेलाय, टोचतोय."

त्यांनी मला खडकावर बसवलं. माझे ते छातीपर्यंतचे बूट ओढून काढले, उलटे केले आणि जोरात झटकले. त्यातून काहीच पडलं नाही. मी बघत होते, त्याही बघत होत्या. मग त्यांनी बूट माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाल्या, "गेला. बारीक होता." पुढं म्हणाल्या, की पाडव्यापर्यंत रोज सकाळी यायचं, एका दिवशी एकच पाऊल टाकायचं, घाई नाही. आम्ही चार दिवस जातोय. परवा एक पाऊल टाकलं. काल तेच पुन्हा टाकलं. गाडी ठरलेल्या दिवशीच आहे आणि मी जाणार आहे, हे आता नक्की, आणि हे लिहिताना माझ्या हाताला घाम आलाय.

हे पत्र टाकायचं नाहीये, ते तुम्हाला माहीत आहे. पण कुठंतरी एकदा लिहून ठेवावं म्हणून लिहिते. बुटात खडा नव्हता, आबा. बाईंना ते ठाऊक आहे, आणि मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.